सुडो लावण्याआधी मालक बघा

लिनक्सवर गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकायला बसलेल्या ज्युनिअरांकडून मला येणारा मेसेज ठरलेला असतो: ‘परमिशन डिनाइड येतंय, काय करू?’ कुठल्या फाइलवर येतंय ते बहुतेकदा त्याच ओळीत लिहिलेलं असतं, पण तेवढंच सांगायचं राहतं. मी आधी तो पाथ मागतो.

डाउनलोड केलेला एडिटर सुरूच होत नसेल तर काम सोपं. गोडो झिपमधून येतो, त्याला इन्स्टॉलर नाही. फाइलला ‘चमॉड +एक्स’ (chmod +x) केलं, म्हणजे चालवायची परवानगी दिली, की बहुधा विषय संपतो.

गुंता होतो तो कुणी वैतागून एडिटर सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारांनी, उघडला की. त्या दिवशी सगळं झकास चालतं. पण एडिटर आता रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) म्हणून फाइली बनवतो. गोडो ४ चा इम्पोर्ट कॅश (इम्पोर्ट केलेल्या फाइलींचा तयार साठा) ज्यात असतो, ते प्रोजेक्टमधलं लपलेलं ‘.गोडो’ फोल्डरही रूटच्या नावावर जातं. नंतर नेहमीच्या लॉगिनने उघडलं की सीन सेव्ह होत नाही, टेक्स्चर इम्पोर्ट होत नाही. मग परत सुडो! त्यापेक्षा टर्मिनलमध्ये ‘एलएस -एलए’ (ls -la) चालवा, फाइलींचे मालक दिसतील. मालकाच्या रकान्यात ‘रूट’ दिसलं, तर फक्त त्या प्रोजेक्ट फोल्डरवर ‘चोन -आर’ (chown -R) करून मालकी स्वतःकडे घ्या. इथे सुडो लागतो, आणि तो इथेच शोभतो.

सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊ नका. सुरक्षिततेचं सोडा, गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) एक अक्षरही न बदलता शेकडो फाइली ‘बदललेल्या’ दिसतात आणि टीममधले बाकीचे तुमच्या नावाने बोटं मोडतात.

ड्युअल बूटवाल्यांची (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) तऱ्हा निराळी. प्रोजेक्ट विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर असेल, तर तिथे चमॉडचा अनेकदा काहीच परिणाम होत नाही. परवानग्या पार्टिशन माउंट करतानाच (लिनक्सला जोडतानाच) ठरलेल्या असतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पार्टिशन रीड-ओन्ली माउंट होऊ शकतं. ते बंद करा, किंवा सरळ प्रोजेक्ट होममध्ये हलवा. मी यातला दुसरा पर्याय सुचवतो.

फ्लॅटपॅकमधल्या (अ‍ॅप बंदिस्त ठेवणाऱ्या पॅकेजमधल्या) गोडोला बाहेरचा ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) थेट चालवता येत नाही. तिथे फाइलच्या परवानग्या तपासण्यात वेळ घालवू नका, आड येतो तो सँडबॉक्स, म्हणजे अ‍ॅपभोवतीचं कुंपण. अधिकृत झिप वापरली की ही कटकटच राहत नाही.

आणि विंडोजवरून लिनक्स बिल्ड झिप करून पाठवलात, तर एक्झिक्यूट बिट (तीच चालवायची परवानगी) वाटेत गळतो. इचवर (itch.io, गेम टाकायची साइट) टाकताना तिचं अपलोड टूल बटलर वापरा. तो हा बिट आपणहून लावतो.