डॉस लॅपटॉपात नेटवर्क-मोडेम कार्ड बसवण्याआधी: तयारीची यादी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा पूर्वभागातल्या एखाद्या कारखान्यात डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, हुकूम टाइप करून चालवायच्या प्रणालीवर, चालणारा जुना लॅपटॉप अजून कामावर दिसतो. त्याच्या मागच्या सिरीयल पोर्टमधून निघालेली केबल थेट यंत्राच्या कंट्रोलरला जाते. ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. मग चांगल्या फ्लॉप्या मिळेनाशा होतात आणि मालक विचारतात, "याला नेटवर्कला जोडता येईल का?" येतं. नेटवर्क आणि मोडेम (फोनच्या लाइनवरून डेटा पाठवणारं उपकरण) एकत्र असलेलं पीसीएमसीआयए कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या खाचेत सरकणारं चपटं कार्ड (यालाच पीसी कार्डही म्हणतात), त्यासाठी पुरतं. कार्ड खाचेत सरकवायला अर्धं मिनिट लागतं. पण डॉसमध्ये कोणता आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी इंटरप्टची ओळ) कोणाचा आणि कोणता पत्ता (ज्या आकड्यावर प्रोसेसर त्या भागाशी बोलतो तो) कोणाचा, हे वाटून देणारं कोणी बसलेलं नसतं. ती वाटणी आपणच, आधी, कागदावर करायची असते.

मालकांशी आधी वेळ ठरवून घ्या. माग चालू असताना हे काम अंगावर घेऊ नका. पाळी नसेल असा दिवस मागा आणि सांगा, "मालक, आज हे मशीन संध्याकाळपर्यंत माझ्याकडे." घाईत केलेली वाटणी हमखास चुकते आणि ती चूक दोन दिवसांनी यंत्रावर उमटते.

पहिलं काम हार्ड डिस्कच्या पूर्ण प्रतीचं, आणि ती होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. त्याहीआधी बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. आतली बॅटरी इतक्या वर्षांत मेलेली असू शकते, आणि डिस्कचे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे एकदा गेले की मशीन स्वतःची डिस्कही ओळखत नाही. लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क ४४ पिनांची असते आणि वीजही त्याच पिनांतून येते. शेजारी थोडी जागा सोडून आणखी ४ पिना दिसतात, त्या जंपरच्या. यूएसबी अडॅप्टर लावताना त्या ४ पिना मोकळ्या राहिल्यात ना, हे उजेडात धरून बघा. अडॅप्टर बाजूला सरकून बसला तर डिस्क जळू शकते. डिस्क फारच जुनी, एलबीए (सेक्टरना सलग क्रमांक देण्याची पद्धत) येण्याआधीची असेल तर बरेचसे यूएसबी अडॅप्टर तिला ओळखत नाहीत. अशा वेळी एमएस-डॉस ६ सोबत येणारे इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर हे प्रोग्राम उपयोगी पडतात. नल-मोडेम केबल (दोन मशीनचे सिरीयल पोर्ट थेट जोडणारी) लावून दुसऱ्या डॉस मशीनवर फायली ओढता येतात. वेळ लागतो, पण होतं.

आता कार्ड. विकत घेण्याआधी ते हातात घेऊन बघा. ज्या कार्डाच्या कनेक्टरवर उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते ते ३२ बिटी कार्डबस. ते १६ बिटी खाचेत पूर्ण जातच नाही, जोर लावू नका. आपल्याला हवं १६ बिटी, टाइप २, ५ मिलिमीटर जाडीचं. थ्रीकॉमचं ३सी५६२ किंवा झिरकॉमची क्रेडिटकार्ड मालिका ही या जातीची नावं जुन्या बाजारात ऐकायला मिळतात. कार्डाबरोबर त्याची शेपटी, म्हणजे एका बाजूला बारीक चपटा कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क व टेलिफोनचे जॅक असलेली छोटी केबल, मिळतेय का ते आधी विचारा. कार्ड एकवेळ स्वस्तात मिळेल, शेपटी सुटी मिळत नाही, आणि एका कंपनीची दुसरीला चालत नाही. कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघा. एखादी पिन वाकलेली असेल तर ते कार्ड परत ठेवा.

ड्रायव्हर त्याच कार्डाचा, त्याच मॉडेलचा हवा. यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. पीसी कार्डच्या खाचेत ६८ पिना असल्या तरी इंटरप्टसाठी ओळ एकच असते. म्हणजे कार्डावर नेटवर्क आणि मोडेम अशी दोन बिऱ्हाडं राहत असली तरी दाराची बेल एकच. बेल वाजली की पाहुणा कोणाकडे आलाय हे कंपनीचा ड्रायव्हर ठरवतो. दुसऱ्याच कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर (नेटवर्कच्या प्रोग्रामना कार्डाशी जोडणारा) टाकून नेटवर्क चाललंच, तरी मोडेम मुका राहण्याची शक्यता उरतेच. त्यातून पुढची गोष्ट आपोआप येते: दोघांचा आयआरक्यू एकच असणार. वाटणी करताना हे विसरायचं नाही.

त्या वाटणीसाठी वहीचं एक कोरं पान घ्या. डावीकडे ० ते १५ हे आयआरक्यूचे आकडे लिहा आणि समोर तो कोणाचा ते लिहीत जा. ० टायमरचा, १ कीबोर्डचा, २ पुढे ९ ला जोडलेला, ६ फ्लॉपीचा, ७ प्रिंटर पोर्टचा, ८ घड्याळाचा, १२ माउसचा, १३ गणिती प्रोसेसरचा, १४ हार्ड डिस्कचा. साउंड चिप असेल तर ५ बहुधा तिच्याकडे. राहिले ३, ४, ९, १०, ११ आणि १५, पैकी १५ सीडी ड्राइव्ह नसेल तरच. ४ हा कॉम१ या पहिल्या सिरीयल पोर्टचा, म्हणजे आपल्या यंत्राच्या केबलचा. त्यावर लाल पेनाने गोल करा, त्याला धक्का लावायचा नाही. कॉम३ सुद्धा प्रथेप्रमाणे ४ च वापरतो, त्यामुळे "कॉम१ अडलेला आहे तर मोडेम कॉम३ वर टाकू" हा सल्ला इथे घातक आहे. कंट्रोलरला प्रोग्राम जाता जाता मधेच थांबेल आणि दोष केबलला दिला जाईल.

म्हणून मोडेम कॉम२ वर, पत्ता २एफ८, आयआरक्यू ३. पण बऱ्याच लॅपटॉपांत ३ वर आधीच इन्फ्रारेडचं पोर्ट बसलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन ते बंद करा, कारखान्यात त्याचा कोणाला उपयोग नाही. मोडेम चालवणारा प्रोग्राम कोणताही आयआरक्यू घेत असेल तर १० निवडणं जास्त मोकळं. मात्र काही जुने प्रोग्राम ७ च्या वरचा आकडा स्वीकारतच नाहीत. प्रोग्राम आधी उघडून त्याच्या सेटिंगचं पान बघा, मगच कागदावर आकडा टाका. नेटवर्कसाठी ३०० (हेक्स) हा पत्ता सहसा मोकळा सापडतो. तपासायला एमएसडी हा प्रोग्राम चालवा, पण साध्या डॉसमधून, विंडोज न उघडता. तो जे दाखवतो त्यातलं बरंच अंदाजाने असतं, त्यामुळे त्याच्यापेक्षा बायोसवर आणि आपल्या कागदावर भरवसा ठेवा.

टेबलाखालचा उभा पीसी असेल तर गोष्ट सोपी. नेटवर्कचं आणि मोडेमचं आयएसए (जुन्या पद्धतीच्या खाचेतलं) कार्ड वेगळं, दोघांना आयआरक्यू वेगळा. मोडेम जंपरने कॉम२ वर आणा आणि बायोसमध्ये मदरबोर्डचा कॉम२ बंद करा. पीसीआय (नंतरच्या पद्धतीच्या खाचेतला) मोडेम स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यातले बहुतेक विंडोजच्या सॉफ्टवेअरवर जगतात, डॉसमध्ये ते नुसतं पत्र्याचं झाकण.

फायलींची तयारी घरी करा. १.४४ एमबीच्या दोन फ्लॉप्या, दोन्ही त्याच लॅपटॉपवर फॉरमॅट केलेल्या, म्हणजे ड्राइव्हच्या हेडचा मेळ बसतो. एक बूट फ्लॉपी, त्यात सिस, एफडिस्क, एडिट आणि एडिटला लागणारं क्यूबेसिक. दुसरीत कार्डाचा ड्रायव्हर, एनेबलर आणि नेटवर्कचे प्रोग्राम, झिप उघडून ठेवलेले. नावं आठ अधिक तीन अक्षरांतच बसवा. कॉन्फिगरेशनच्या फायली मोबाइलवर किंवा लिनक्सवर लिहिल्या असतील तर ओळींचा शेवट डॉसच्या पद्धतीचा होत नाही, आणि प्रोग्राम सगळी फाइल एकच ओळ समजतो. अशी फाइल शेवटी डॉसच्या एडिटमध्येच नव्याने लिहिलेली बरी.

एनेबलर म्हणजे कार्डाला जागं करणारा छोटा प्रोग्राम. कार्ड अँड सॉकेट सर्व्हिसेस नावाचा पूर्ण संच टाकला तर मशीन चालू असतानाही कार्ड काढता-घालता येतं, पण ६४० केबीतली बरीच जागा त्यात जाते. यंत्राचा प्रोग्राम आधीच मेमरीसाठी कुरकुरत असेल तर एनेबलरच टाका, कार्ड मशीन सुरू करण्याआधी खाचेत घाला आणि मशीन बंद होईपर्यंत काढू नका. दोन्ही एकत्र कधी लोड करू नका. ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर वापरत असाल तर कार्डाची माहिती वाचण्यासाठी डी००० च्या आसपासचा पट्टा एक्स हा पर्याय देऊन त्याच्यापासून वेगळा काढा. हे राहिलं की कार्ड "सापडत नाही" असा संदेश येतो आणि माणूस उगाच कार्डावर संशय घेतो.

कॉन्फिग.सिस या, मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये मेनू करा. एमएस-डॉस ६ पासून ही सोय आहे. पहिला पर्याय जुना, यंत्रापुरता, अक्षरही न बदललेला. दुसरा नेटवर्कचा. काही सेकंदांत कोणी काही निवडलं नाही तर पहिलाच सुरू व्हावा असं ठेवा. रात्रपाळीच्या कामगाराला नेटवर्कशी देणंघेणं नाही, त्याला यंत्र सुरू हवं. काही अडलं तर सुरुवातीला एफ८ दाबून एकेक ओळ विचारत पुढे जाता येतं आणि एफ५ ने सगळंच टाळता येतं, हे कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

नेटवर्कसाठी मायकेल ब्रुटमन यांचा एमटीसीपी हा डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांचा संच घ्या. पॅकेट ड्रायव्हर ०एक्स६० या सॉफ्टवेअर इंटरप्टवर लोड करायचा आणि तोच आकडा एमटीसीपीच्या फाइलमध्ये लिहायचा. कार्डाचा आयआरक्यू आणि हा इंटरप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत बरेच जण करतात. डीएचसीपी (राउटरने नेटवर्कचा पत्ता आपोआप देणं) चालतं, पण कारखान्यात स्थिर पत्ता बरा, राउटर स्वतः वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा. विंडोजचं फोल्डर शेअरिंग जोडायच्या मागे लागू नका. डॉसचा जुना क्लायंट जी भाषा बोलतो ती नव्या विंडोजमध्ये बंद ठेवलेली असते, आणि या एका लॅपटॉपासाठी ती उघडणं म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीनना धोका. एमटीसीपीतला एफटीपी (फायली पाठवण्या-आणण्याची पद्धत) सर्व्हर पुरे. त्याचा पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे राउटरवर या पत्त्याला इंटरनेट बंद करून टाका. स्विच घेताना तो १० एमबीपीएसला उतरतो का ते खोक्यावर वाचा. साधा १०/१०० वाला उतरतो, नव्या २.५ गिगाबिटवाल्यांतले काही उतरत नाहीत.

मोडेमची गरज आहे का, हे मालकांना स्पष्ट विचारा. नसेल तर बंदच ठेवा, आयआरक्यूचा एक हक्कदार कमी. असेल तर फोनची लाइन कोणती ते बघा. कारखान्यातल्या ईपीएबीएक्सचं (अंतर्गत फोन एक्स्चेंजचं) डिजिटल एक्स्टेन्शन असेल तर त्यात मोडेमची वायर खुपसू नका, मोडेम जळू शकतो. साधी ॲनालॉग लाइन मागा. फायबरच्या डब्यातून निघालेल्या फोनवर जास्त वेग टिकत नाही, ९६०० वर समाधान माना. मोडेमला डायल टोन ओळखता येत नसेल तर त्याला एटीएक्स३ हा हुकूम द्या, म्हणजे तो टोनची वाट न बघता नंबर लावतो. फोनची छोटी पिन नेटवर्कच्या मोठ्या जॅकमध्येही सहज शिरते आणि घंटीचा व्होल्टेज नेटवर्कच्या बाजूला जातो, म्हणून शेपटीच्या दोन्ही जॅकांवर मार्करने खुणा करा. आणि वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की फोनची वायर काढून ठेवायची, ही सवय ऑफिसातल्या माणसाला लावा. वीज मोडेमपर्यंत याच वायरने पोचते.

बसवायच्या दिवशी मऊ ब्रश न्या. टॉवेलच्या कारखान्यातली रुई खाचेत गच्च बसलेली असते. तोंडाने फुंकू नका, आणि कारखान्याचा कॉम्प्रेसर तर लावूच नका, त्या हवेत तेल आणि पाणी असतं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली धरूनच चाला आणि यूपीएस जोडा, लाइट ऐन डिस्क लिहिताना जाते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काम सकाळी लवकर घ्या. हे कार्ड तसंही तापतं.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी कार्डाशिवाय जुना पर्याय, यंत्राला एक प्रोग्राम पाठवून. मग कार्ड घालून तोच जुना पर्याय, तोच प्रोग्राम. मग नेटवर्कचा पर्याय, राउटरला पिंग, आणि मेम /सी /पी ने उरलेली मेमरी वहीत. मोडेम शेवटी: टर्मिनल उघडून एटी टाइप करा. लगेच ओके आलं तर पुढे चला. काहीच उमटलं नाही तर पत्ता चुकलाय किंवा कार्ड जागं झालेलं नाही. आणि अक्षरं उमटतायत पण थांबून थांबून, काही सेकंदांनी एक अशी, तर पत्ता बरोबर आणि आयआरक्यू चूक. तेव्हा वहीतलं ते पान पुन्हा काढा, कार्ड बदलू नका. सगळं जुळलं की एक मोठी फाइल एफटीपीने ओढून बघा आणि ती पूर्ण झाल्यावर मोडेमने नंबर लावून बघा, कारण डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवतो. दोन्ही टिकले की डिस्कची नवी प्रत काढा आणि वहीच्या पानाची झेरॉक्स मालकांच्या फायलीत लावा.