रेस कारचा क्लच आणि फ्लायव्हील: नव्याने येणाऱ्यांसाठी

रेसिंग टीममध्ये नव्याने आलेली पोरं हमखास विचारतात, "दादा, हलकं फ्लायव्हील टाकलं तर पिकअप किती वाढेल?" अशा वेळी मी कागद-पेन पुढे करतो. (फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टला जोडलेलं जड चाक; क्लच त्याची फिरकी गिअरबॉक्सला जोडतो आणि सोडतो.)

दीड लिटरच्या आतली टूरिंग कार धरा. हलकं फ्लायव्हील बसवून जडत्व (वेग बदलायला होणारा विरोध) ०.०३ किग्रॅ-मी२ ने कमी झालं. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर) ४.१, टायरची त्रिज्या ०.२९ मीटर. गिअरचं गुणोत्तर गुणिले फायनल ड्राइव्ह, भागिले त्रिज्या. जे येईल त्याचा वर्ग करून जडत्वाने गुणा. गाडी जणू किती किलोने हलकी झाली, ते कळतं. पहिल्या गिअरला (३.४) जवळपास ७० किलो. दुसऱ्याला (१.९) २२, तिसऱ्याला (१.२८) १० आणि चौथ्याला (१.०) जेमतेम ६.

आता सर्किट आठवा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, कोइम्बतूरचा कारी २.१ किलोमीटरचा. पहिला गिअर लागतो तो शर्यत सुटताना. रोलिंग स्टार्ट (गाड्या चालत्या असतानाच शर्यत सुटणं) असेल तर तोही नाही. म्हणजे ते ७० किलो कागदावरच राहतात. उलट उभ्या स्टार्टला हलकं फ्लायव्हील त्रासच देतं: साठवलेली ऊर्जा कमी, त्यामुळे क्लच सोडताना जरा चुकलं की आरपीएम धाडकन पडतो.

मग हलकं फ्लायव्हील घ्यायचं कशाला? ब्रेकिंगसाठी. वळणाआधी गिअर उतरवताना ड्रायव्हर ब्रेक दाबता दाबताच रेस देतो, तेव्हा इंजिन चटकन चढतं, गिअर बिनधक्का बसतो आणि इंजिनावर चालणारी चाकं अडखळत नाहीत. वर गिअर टाकताना आरपीएम लवकर उतरतो. लॅप टाइममध्ये याचा हिशेब वेगळा काढता येत नाही, पण ड्रायव्हर लगेच सांगतो.

क्लच न सरकता किती टॉर्क (पिळाचा जोर) पेलेल, ते गणित याहून सोपं आहे. घर्षण गुणांक × प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीचा) दाब × सरासरी त्रिज्या × घर्षणाचे पृष्ठभाग. दाब ३५०० न्यूटन, त्रिज्या ७८ मिमी, ऑरगॅनिक (साध्या गाड्यांतल्या) प्लेटचा गुणांक ०.३ आणि एका प्लेटच्या दोन बाजू धरल्या तर सुमारे १६४ न्यूटन-मीटर होतात. इंजिन १२० न्यूटन-मीटरचं असेल तर हा क्लच टिकायला हवा. तरीही सरकत असेल, तर नवा क्लच मागवण्याआधी तेलाची गळती आणि पेडलचं फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी चाल) बघा. प्लेटवर गिअरबॉक्सचं तेल आलेलं असताना महागडा क्लच मागवणारे मी पाहिलेत.

नवशिक्यांना "जितका दणकट तितका बरा" असं वाटतं. मला ते पटत नाही. क्लच सरकलाच नाही तर धक्का पुढे जातो, ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर आणि गिअरच्या दातांवर. शिवाय स्प्रिंग जड केली की पेडल जड होतं, आणि प्रत्येक वेळी पेडल दाबताना क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर भार येतो. टॉर्क खरंच वाढला असेल तर माझा पहिला पर्याय सेरामेटॅलिक (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाच्या) प्लेटचा. दाब तोच राहतो, गुणांक वाढतो. ती झटक्याने पकडते, पिटमध्ये गाडी हळू चालवताना जीव खाते, पण उष्णता सोसते. दोन प्लेटचा लहान व्यासाचा क्लच पूर्ण रेस कारसाठी उत्तम, पण क्लबच्या गाडीला खर्च झेपेल का ते बघा.

हबमध्ये स्प्रिंग असलेली प्लेट घ्यायची की सॉलिड? मूळ गाडीत ड्युअल-मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) फ्लायव्हील असेल आणि त्याजागी साधं एकसंध बसवत असाल, तर स्प्रिंगवालीच घ्या. नाहीतर इंजिनाचे हादरे सरळ गिअरबॉक्समध्ये जातात.

फ्लायव्हील हलकं करायचं म्हणून बिडाचं जुनं फ्लायव्हील लेथवर उतरवू नका. बीड ताणात कमकुवत असतं. ७००० आरपीएमला ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) फोडून ड्रायव्हरच्या पायापर्यंत येऊ शकतात. एकसंध पोलादातून कोरलेलं घ्या, शक्यतो एसएफआय १.१ (रेसिंग सुरक्षेचं अमेरिकी मानक) प्रमाणित. बसवण्याआधी प्रेशर प्लेटसकट डायनॅमिक बॅलन्सिंग करा, बोल्ट नवे वापरा. काही इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दाते वाचतो. नव्या फ्लायव्हीलवर ते दाते नसतील तर इंजिन सुरूच होणार नाही.

हे सगळं करण्याआधी आपल्या वर्गाचे तांत्रिक नियम वाचा. काही वर्गांत मूळ फ्लायव्हीलच लागतं आणि एकाच मॉडेलच्या कप शर्यतींत इंजिन-गिअरबॉक्स बहुधा सीलबंदच असतात.

एक गोष्ट नेहमी राहून जाते: पेडल स्टॉप. रेसिंग क्लचची चाल आखूड असते. ड्रायव्हरने जोशात पेडल तळापर्यंत दाबलं की डायफ्रॅमची (क्लचमधल्या तबकडीसारख्या स्प्रिंगची) बोटं वाकतात. क्लच पूर्ण सुटतो त्या जागेच्या किंचित पुढे स्टॉप लावा.

आणि जुनी प्लेट भंगारात टाकू नका, मेकॅनिककडून मागून घ्या. जाडी व्हर्नियरने मोजा, वहीत लिहा. प्रेशर प्लेटवर निळे डाग सगळीकडे असतील तर क्लच तापलाय, ड्रायव्हरशी बोला. डाग एकाच बाजूला असतील तर फ्लायव्हीलचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) डायल गेजने तपासा.