सीएनसी मिलिंगवर टूल लेंथ ऑफसेट आणि वर्क झीरो: या चुका टाळा

कापाची खोली चुकली की बरेच जण लगेच टूल पुन्हा टच करायला (टोक टेकवून उंचीचा आकडा घ्यायला) धावतात. आधी एवढं बघा: चूक सगळ्या टूलना आली आहे की एकाच टूलला? सगळी टूल सारखीच खोल किंवा सारखीच वर कापत असतील, तर बहुधा जी५४ चा, म्हणजे जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) वर्क झीरोचा, झेड चुकला आहे. एकच टूल चुकत असेल, तर त्या टूलचा एच ऑफसेट (टूल लेंथचा आकडा), होल्डर किंवा इन्सर्ट (कापणारी बदलती धार) बघा. त्यानंतर चूक नेमकी कितीची आहे ते मोजा, कारण बहुतेक वेळा तो आकडाच कारण सांगतो. एक्स-वायमध्ये नेमका ५ मिमी फरक म्हणजे १० मिमीच्या एज फाइंडरची (जॉबची कड शोधायच्या साधनाची) त्रिज्या धरायची राहिली. नेमका १० मिमी म्हणजे त्रिज्येचं चिन्ह उलटं पडलं. झेडमध्ये ५० मिमी म्हणजे ५० मिमीच्या सेटिंग ब्लॉकची (टूल टच करायच्या ठोकळ्याची) उंची वजा करायची राहिली. ०.१ मिमीच्या आसपास असेल तर कागद लावून टच केलं आणि कागदाची जाडी धरली नाही.

दोन पद्धतींची सरमिसळ

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून ती नीट समजून घ्या.

पहिली पद्धत: प्रत्येक टूल जॉबच्या वरच्या पृष्ठभागावर टच करायचं आणि तिथला मशीन कोऑर्डिनेट (मशीनच्या स्वतःच्या शून्यापासूनचा आकडा) एचमध्ये भरायचा. समजा तो -३१२.४५० आला. इथे जी५४ चा झेड ० असायलाच हवा.

दुसरी पद्धत: एचमध्ये टूलची खरी लांबी भरायची, म्हणजे स्पिंडलच्या गेज लाइनपासून (लांबी मोजायच्या संदर्भ रेषेपासून) टोकापर्यंतची, समजा +१३८.२००. आणि गेज लाइन जॉबच्या पृष्ठभागावर आली तर मशीन झेड जेवढा असेल, तो जी५४ मध्ये. याच जॉबसाठी तो -४५०.६५० येतो.

एका शिफ्टने पहिल्या पद्धतीने टूल घेतली आणि दुसऱ्या शिफ्टने जी५४ झेडमध्येही -३१२.४५० भरला, तर दोन्हींची बेरीज -६२४.९०० होते. मग प्रोग्रॅममधल्या झेड १५० या ‘सेफ’ पोझिशनलाच टूल जॉबच्या १६२ मिमी खाली जायला बघतं, तेही रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगाने. मशीनवर कोणती पद्धत चालते ते कंट्रोल पॅनलजवळ लिहून चिकटवा. एचमध्ये मायनस आकडे आणि जी५४ झेडमध्येही मोठा मायनस आकडा दिसला, तर सायकल स्टार्टला हात लावू नका.

जी४३ (एचमधला आकडा लागू करणारा कोड) विसरल्याचा परिणामही पद्धतीवर अवलंबून असतो. पहिल्या पद्धतीत जी४३ नसेल तर टूल वरच राहतं किंवा ओव्हरट्रॅव्हल अलार्म येतो, म्हणजे निभावतं. दुसऱ्या पद्धतीत मात्र झेड ५ सांगितलं की गेज लाइन जॉबच्या ५ मिमी वर येऊ पाहते आणि १३८ मिमीचं टूल त्याआधीच जॉबमध्ये घुसलेलं असतं.

रोज वेगवेगळ्या उंचीचे जॉब येत असतील, तर यापेक्षा सोयीची पद्धत म्हणजे टेबलवर ५० मिमीचा ब्लॉक ठेवून सगळी टूल त्यावर टच करणं. एचमध्ये तिथला मशीन झेड. मग स्पिंडलला डायल इंडिकेटर लावून ब्लॉकवर शून्य करा, तीच डायल जॉबवर आणून फरक वाचा. जॉबचा माथा टेबलपासून ८२.५ मिमी असेल तर जी५४ झेड +३२.५००. जॉब बदलला की फक्त हा एक आकडा बदलतो. फेसिंगनंतर मधेच टूल तुटलं तरी नवीन टूल त्याच ब्लॉकवर घेता येतं. पहिल्या पद्धतीत तोवर मूळ पृष्ठभाग कापून गेलेला असतो आणि पंचाईत होते.

ब्लॉकवर टूल टच करताना

ब्लॉक टूलखाली ठेवून टूल खाली आणू नका. हँडव्हील चुकून ×१०० वर असेल तर एका खाचेत ०.१ मिमी जातं. कार्बाइडची धार तिथेच उडते आणि ब्लॉकवर खड्डा पडतो. ब्लॉक बाजूला ठेवा, टूलचं टोक ब्लॉकच्या माथ्यापेक्षा थोडं खाली आणा. आता ×१० वर ०.०१ मिमीने वर घेत जा आणि दर खाचेला ब्लॉक हलक्या हाताने टूलकडे सरकवून बघा. ज्या खाचेला तो पहिल्यांदा, किंचित घासत, खालून जातो तो तुमचा आकडा. दाब देऊन घुसवायचा नाही.

आकडा वाचताना ‘मशीन’ कोऑर्डिनेट वाचा. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात बहुधा अ‍ॅब्सोल्यूट किंवा रिलेटिव्ह असतो आणि घाईत तोच भरला जातो.

फेस मिल मधोमध पोकळ असते, म्हणून ब्लॉक इन्सर्टखाली यायला हवा, सेंटरखाली नाही. इन्सर्टची उंची एकसारखी नसते. स्पिंडल हाताने फिरवून सगळ्यात खाली असलेला इन्सर्ट शोधा आणि त्यावरच घ्या. ड्रिलचं टोक टच होतं, पूर्ण व्यास नाही. ११८ अंशाच्या ड्रिलला टोकाची उंची व्यासाच्या साधारण ०.३ पट असते, म्हणजे १० मिमी ड्रिलला ३ मिमी. आरपार होलला हे धरलं नाही की खालच्या बाजूला होल निमुळतं राहतं, आणि दोष ऑफसेटला जातो.

टूल आणि टेपर

एच बरोबर घेतला, तरी टूल बदलून परत आल्यावर खोली हलते? आधी टेपर पुसा. बीटी४० चा टेपर ७:२४ असतो. त्यावर सगळीकडून ०.०१ मिमीचा थर राहिला तर होल्डर जवळपास ०.०७ मिमी बाहेर बसतो. चिप एका बाजूलाच अडकली तर टूल तिरकं बसून रनआउटही (फिरतानाची डगमग) वाढतो. सुती कापडाने होल्डर आणि स्पिंडल दोन्ही पुसा, नुसती हवा मारून तेलाचा थर जात नाही. पुल स्टड (होल्डर वर ओढून धरणारा बोल्ट) ढिला नाही ना, तेही बघा.

खोली हळूहळू वाढत जात असेल तर एंडमिल कॉलेटमधून (टूल पकडणाऱ्या भागातून) सरकतंय. शँकवर होल्डरलगत मार्करने रेघ मारा, दोन जॉबनंतर ती लांब गेलेली दिसेल.

सकाळी थंड मशीनवर टूल घेऊन दुपारी साइज शोधू नका. स्टीलचा ३०० मिमी भाग १० अंशाने तापला की साधारण ०.०३५ मिमी वाढतो. आधी स्पिंडल १५-२० मिनिटं फिरवा, मग टच करा.

एक्स-वाय झीरो

मेकॅनिकल एज फाइंडर ५००-६०० आरपीएमवर चालवा. जास्त वेग दिला तर स्प्रिंग ताणते आणि टोक फेकलं जाऊ शकतं. टोक बाजूला उडी मारतं ती खाच म्हणजे टच. मागे या, ०.०१ ने पुन्हा जा. दोन वाचनांत ०.०१ पेक्षा जास्त फरक असेल तर कडेवर बर (कापताना राहिलेला धातूचा खरखरीत काठ) आहे, फाइल मारा. जॉबची डावी कड एक्स शून्य हवी असेल आणि १० मिमीचा फाइंडर तिच्या डावीकडे असेल, तर सेंटर शून्यापासून -५ वर आहे. फॅनक कंट्रोलवर वर्क ऑफसेटच्या पानावर जी५४ वर कर्सर आणून ‘एक्स-५.’ टाइप करा आणि मेझर दाबा. शेवटचा दशांश बिंदू विसरू नका, पॅरामीटरप्रमाणे बिंदू नसलेला ५ हा ०.००५ मिमी धरला जाऊ शकतो. फाइंडर हलवण्याआधी झेड वर घ्या.

वायचा झीरो व्हाइसच्या फिक्स जॉकडून (न हलणाऱ्या जबड्याकडून) घ्या. मूव्हिंग जॉकडून घेतला तर जॉबच्या रुंदीतला फरक प्रत्येक नगात उतरतो. होलचं सेंटर डायलने घेताना समोरासमोरच्या वाचनात ०.०४ फरक असेल तर सरकवायचं ०.०२, पूर्ण फरक सरकवला की चूक उलट्या बाजूला जाते.

आकडे बरोबर, तरी जॉब चुकतो

वर्क ऑफसेटच्या पानावरची ००, म्हणजे ईएक्सटी, ही ओळ बघा. तिथे राहिलेला आकडा जी५४ पासून जी५९ पर्यंत सगळ्यांत मिळवला जातो. जुन्या प्रोग्रॅममधला जी९२ ही असंच करतो. मग वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेची दुरुस्ती): नवीन टूल टच करताना जुना वेअर शून्य केला नाही, तर तो नव्या टूललाही लागतो. खोली ०.०५ कमी आली तर वेअरमध्ये -०.०५ मिळवायचं, आणि ‘प्लस इनपुट’ने. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून नवा बसतो. जिऑमेट्रीच्या (टूलच्या मूळ लांबीच्या) रकान्यात हे झालं तर टूलची लांबीच गेली.

टी५ (टूल क्रमांक ५) बरोबर एच४ लिहिला गेलाय का, हे प्रोग्रॅममध्ये शोधून बघा. एका टूलचा भाग कॉपी करून दुसऱ्यासाठी वापरला की हे हमखास होतं.

पहिला जॉब सोडण्याआधी

रॅपिड ओव्हरराइड सगळ्यात कमी, सिंगल ब्लॉक (प्रोग्रॅमची एकेक ओळ) चालू. एमडीआयमध्ये (हाताने कोड टाइप करायच्या मोडमध्ये) जी९० जी५४ जी०० एक्स० वाय०, मग जी४३ एच५ झेड१००. टूल थांबल्यावर स्टीलची पट्टी जॉबवर उभी धरून अंतर मोजा, १०० मिमी आलं पाहिजे. प्रत्येक टूलला अर्धा मिनिट लागतो. पहिला कट घेताना बोट फीड होल्डच्या (चाल थांबवायच्या) बटणावर ठेवा आणि टूल जॉबच्या जवळ आल्यावर थांबवून ‘डिस्टन्स टु गो’ वाचा: स्क्रीन ४० मिमी बाकी म्हणते आणि डोळ्याला १० दिसतात, तर तिथेच रीसेट.

रीसेटनंतर प्रोग्रॅमच्या मधल्या ओळीपासून सुरू करू नका. जी४३ टिकला की गेला हे त्या कंट्रोलच्या पॅरामीटरवर ठरतं. टी आणि एम६ (टूल बदलण्याचा कोड) च्या ओळीपर्यंत मागे जा, म्हणजे जी५४ आणि जी४३ एच दोन्ही नव्याने वाचले जातील.