पिकअपला लिफ्ट किट बसवताय? या चुका टाळा

माझ्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-कमानींचा संच, बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ताम्हिणी घाट उतरताना मागच्या गाडीतल्या मित्राने दिवे मारून मला थांबवलं. म्हणाला, "अरे, तुझी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालतेय." गाडीखाली वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या कमानीच्या (लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगच्या) यू-बोल्टचे, म्हणजे कमान ॲक्सलला बांधणाऱ्या बोल्टचे, नट हाताने फिरत होते. पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला होता आणि ॲक्सल बोटभर मागे सरकला होता. अजून दोन-चार वळणं तशीच घेतली असती तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

किट चांगलं होतं. बसवणाऱ्यानेही हलगर्जीपणा केला नव्हता. मात्र नव्या कमानीचे बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांच्या कामात उभा राहून जे शिकलो, ते इथे लिहितोय. बहुतेक गोष्टी पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंग आणि मागे कमान असलेल्या पिकअपबद्दल आहेत, म्हणजे आपल्याकडे २०१६ पासून मिळणारी इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. २०२० नंतरच्या थारला मागेही कॉइल आहे, त्यामुळे त्या मालकांनी कमानीचा भाग सोडून बाकीचं वाचावं.

किट निवडतानाच होणारी चूक

पहिला गैरसमज उंचीबद्दलचा. दोन इंचाची लिफ्ट बसवली की गाडी सगळीकडे दोन इंच वर जाते, असं अनेकांना वाटतं. बॉडी आणि चासी वर जाते हे खरं. पण मागचा ॲक्सल चाकांवर बसलेला असतो, त्यामुळे डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधला, गिअर असलेला फुगीर भाग) जमिनीपासून जितका होता तितकाच राहतो. त्याला वर नेणारी गोष्ट एकच, मोठा टायर. दगड नेहमी मागच्या गोळ्यालाच लागत असेल तर लिफ्टने तो त्रास जाणार नाही. पुढचा बंपर चढाला टेकणं, मधलं पोट उंचवट्यावर बसणं, मोठा टायर मडगार्डला घासणं, यावर मात्र लिफ्टचा उपयोग होतो. आपली अडचण यातली कोणती हे आधी ठरवा, मग पैसे मोजा.

दुसरी गोष्ट वजनाची. या पिकअपसाठी चांगली किटं बरीचशी ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमधून येतात. ऑस्ट्रेलियात अशा गाडीवर लोखंडी बुलबार, विंच, मागे कॅनोपी, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी असं सगळं कायमचं लादलेलं असतं. त्यामुळे एकाच गाडीसाठी तीन-चार वजनगटांच्या स्प्रिंग आणि कमानी मिळतात. आपल्याकडे हौसेने सगळ्यात भारी गट घेतला जातो आणि गाडी वर्षभर रिकामी फिरते. अशी गाडी कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात मागून उडते, आणि मालक शॉकअपला दोष देतो. विंच आणि लोखंडी बंपर मिळून पुढे ८०-१०० किलो सहज वाढतात, ते बसवणार असाल तर पुढची स्प्रिंग त्या वजनाची घ्या. मागे काहीच ठेवणार नसाल तर कमान हलकी घ्या. रविवारच्या दोन तासांच्या ट्रेलपेक्षा सोमवार ते शनिवार गाडी कशी वापरता, तो हिशोब धरा.

आणि कायद्याचंही याच वेळी पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करा. अपघातानंतर विमा नाकारला गेला तर सगळ्यात महाग लिफ्ट तीच ठरते.

स्पेसरचा मोह

स्वस्तात उंची हवी म्हणून पुढच्या स्ट्रटच्या (शॉकअप आणि त्याभोवतीची कॉइल स्प्रिंग) डोक्यावर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे स्पेसर, बसवतात. इथे एक गणित चुकतं. स्ट्रट खालच्या आर्मवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्यावर) चाकापासून बराच आत बसतो, म्हणून एक इंचाच्या ठोकळ्याने चाकाजवळ साधारण दीड ते दोन इंच उंची वाढते. दोन इंच हवेत म्हणून दोन इंचाचा ठोकळा बसवला तर गाडी तीन-चार इंच वर जाते. मग वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडतो आणि चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट अशा कोनात वळतात की त्यांच्या सांध्यावरच्या (सीव्ही जॉइंटच्या) रबर बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात. बूट फाटतो, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं, आत माती जाते. महिन्याभरात वळणावर कटकट ऐकू येते.

पुढे दोन इंचांच्या आत राहा. त्याहून जास्त हवं असेल तर वरचे आर्म बदलणं आणि पुढचा डिफरन्शियल खाली घेणं, हा खर्च आधीच धरा. जुन्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत, तिथे बोल्ट आवळत नेऊन उंची काढणारे भेटतात. त्याने चाकाला खाली झुलायला जागाच उरत नाही आणि गाडी प्रत्येक गतिरोधकावर वर येताना ठक करून आदळते.

बसवतानाच्या चुका

काम सुरू होण्याआधी मापं घ्या. चारही चाकांना, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून घेऊ नका, टायरमधल्या हवेने ते माप बदलतं. वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढे गाडी एका बाजूला खचली की नाही हे ठरवायला हाच एक पुरावा असतो.

कॉइल स्प्रिंग दाबण्याचं काम ज्याच्याकडे नीट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) आहे त्यालाच द्या. दोरी, तार किंवा साखळी बांधून स्प्रिंग दाबणारे मी पाहिलेत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जाऊ शकतो. तिथे उभं राहून हे काम थांबवायला संकोच करू नका.

डाव्या-उजव्या स्प्रिंगची अदलाबदल हीदेखील नेहमीची. ड्रायव्हरचं आणि टाकीचं वजन सांभाळायला काही किटांत एका बाजूची स्प्रिंग थोडी उंच असते. अमेरिकन किटच्या कागदावर 'ड्रायव्हरची बाजू' म्हणजे डावी. आपल्याकडे उजवी. कागद वाचून खूण करा.

आता सगळ्यात जास्त होणारी, आणि बाहेरून अजिबात न दिसणारी चूक. गाडी वर घेतलेली आहे, चाकं लटकलेली आहेत, आणि मिस्त्री आर्मचे व कमानीचे सगळे बोल्ट पूर्ण आवळून टाकतो. आर्मच्या आणि कमानीच्या सांध्यातला मूळ रबरी बुश आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. बोल्ट आवळला की ती नळी जागेवर घट्ट होते आणि आर्म हलतो तेवढा रबर पिळतो. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली घेताक्षणी रबर पिळलेला असतो आणि तो कायम तसाच राहतो. सहा महिन्यांत बुश फाटतो. शिवाय पिळलेले बुश गाडीला उचलून धरतात, म्हणून पहिल्या दिवशी उंची जास्त दिसते आणि मग "किट खचलं" अशी तक्रार येते. बोल्ट आधी फक्त हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून दाबून तीन-चार वेळा हलवा, थोडी पुढे-मागे घ्या आणि मग टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. आकडा गाडीच्या किंवा किटच्या पुस्तकातलाच घ्या, "हाताचा अंदाज" नको.

शॉकअपच्या दांड्यावरचा वरचा नट हवेच्या गनने सोडवू किंवा आवळू नये, दांडा आत गरगरतो आणि सील खराब होतं. नवा शॉकअप पहिल्याच पावसात गळायला लागतो तो अनेकदा यामुळे.

कमान आणि यू-बोल्ट

आपल्याकडे हायवेवर ट्रकच्या कमानी बनवणारे, पाटे बदलणारे कारागीर आहेत. लिफ्ट किट हा शब्द त्यांच्या बोलण्यात नसतो, पण लोखंडाचा स्वभाव त्यांना माहीत असतो. ताम्हिणीच्या त्या प्रसंगानंतर साताऱ्याच्या वाटेवर अशाच एका वयस्क मिस्त्रींनी माझी कमान दुरुस्त केली. काम झाल्यावर म्हणाले, "दादा, नव्या पाट्याला बसायला वेळ द्या. शंभर किलोमीटर झाले की परत या, पैसे नाही घेणार, फक्त आवळून देतो."

पाट्यांवरचा रंग, कडा, मधले पॅड हे सगळं पहिल्या काही दिवसांत दबतं. तेवढ्याने यू-बोल्टचा ताण कमी होतो. ताण कमी झाला की ॲक्सल जागेवर धरून ठेवायचं सगळं ओझं एका बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येतं, आणि तो त्या कामासाठी नसतोच. म्हणून १०० किलोमीटरला, मग ५०० ला, मग १,००० ला आवळणं ठरलेलं असू द्या. आणि पहिल्या अवघड ट्रेलनंतर.

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणले गेलेले असतात. आवळताना समोरासमोरच्या तिरक्या जोडीने, थोडं-थोडं करत चारही नट न्या. त्याआधी सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडवरच्या भोकात नीट बसलंय हे बोटाने चाचपून बघा. आटेही मोजा. कमानीची जाडी कमी आणि आटे अपुरे असतील तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडतो. पाना घट्ट लागतो, पण कमान मात्र सैल असते.

कमानीखाली ठोकळा घालून उंची काढायची असेल तर एकच आणि छोटा. ठोकळ्यावर ठोकळा कधीही नको. ॲक्सल कमानीपासून जितका लांब, तितका तो गाडी जोरात वेग घेताना कमानीला पिळतो. पुढच्या ॲक्सलला कमान असलेल्या गाडीत तर ठोकळा घालूच नये. माझं मत विचाराल तर ठोकळ्यापेक्षा एक जादा पाटा बरा, आणि जादा पाट्यापेक्षा पूर्ण नवी कमान.

विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

ब्रेकचे रबरी पाइप. गाडी वर घेऊन चाक पूर्ण लटकवा आणि पाइप ताणला जातोय का बघा, पुढे स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. एबीएसच्या सेन्सरची वायर आणि डिफरन्शियलचा ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) यांनाही तेवढाच ढील हवा.

काही पिकअपना मागच्या ॲक्सलला जोडलेला एक दांडा असतो, तो मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उंच केली की त्या दांड्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तुमच्या गाडीला तो असेल तर लिफ्टच्या प्रमाणात त्याची जागा बदलणं आवश्यक आहे. मला वाटतं, या एका दांड्याकडे जेवढं दुर्लक्ष होतं तेवढं कशाकडेच होत नाही.

बंप स्टॉपही (चाक फार वर येऊ न देणारा रबरी ठोकळा) बघा. शॉकअप पूर्ण दबण्याआधी बंप स्टॉप टेकलाच पाहिजे. नाहीतर प्रत्येक मोठा धक्का शॉकअप स्वतःच्या पोटात घेतो. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांचा विचार करा. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) तर बदलतोच, पण कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो, म्हणून वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मागे येत नाही आणि एक्स्प्रेस-वेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते. कॅस्टरचा आकडा मर्यादेत येतच नसेल तर वरचे आर्म बदलायला हवेत, अलाइनमेंटवाल्याशी भांडून उपयोग नाही.

त्रास सुरू झाला तर कुठे बघायचं

जागेवरून निघताना मागून थरथर येते आणि वेग वाढला की जाते: मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचा मधला बेअरिंग बघा. मागे उंची वाढली की शाफ्टचा कोन बदलतो. बेअरिंगचं ब्रॅकेट थोडं खाली घेतलं किंवा कमानीखाली योग्य कोनाची पाचर दिली की बहुतेक वेळा थांबते. ८०-९० च्या वर सतत थरथर असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करा, तो स्वस्त उपाय आहे.

पुढून हळू वेगात खडखड: स्ट्रटचा वरचा नट, आर्मचे बोल्ट, अँटी-रोल बारच्या लिंक. एका बाजूला ओढते: आधी टायरची हवा, मग ब्रेक जाम आहे का, मग अलाइनमेंट. मागून चिरचिर: पॉलियुरेथेनचे बुश असतील तर किटसोबतचं सिलिकॉन ग्रीस लावा. रबरी बुशवर मात्र काळं ऑइल किंवा डिझेल मारू नका, रबर फुगतो आणि मऊ पडतो. पाट्यांवर जुनं ऑइल ओतायची आपल्याकडे सवय आहे, त्यावर जांभ्याची लाल माती चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी पाटे घासत राहते.

शॉकअपवर नुसता ओलसर थर दिसला तर घाबरू नका. थेंब टपकत असतील तर बदला, आणि एकच बदलू नका, जोडीने बदला.

पावसाळ्यानंतर आणि कोकणातून आल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने धुवा, कमानीच्या पाट्यांमधला चिखल काढा. किनाऱ्याची खारी हवा यू-बोल्टचे आटे खाते, म्हणून उघड्या आट्यांना गंजरोधक लावून ठेवा. ओढ्यातून खोल पाण्यातून गेला असाल तर मागच्या डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच आठवड्यात बदला.

मी नट आवळून झाले की प्रत्येकावर आणि त्याच्या बाजूच्या लोखंडावर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. घाट उतरायच्या आधी चहाला थांबतो तेव्हा वाकून चार रेघा बघतो, अर्धा मिनिट लागतो.