व्हेनियर बसवताय? दात मशीनने घासून घेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातल्या लग्नांची चाहूल दातांच्या दवाखान्यात फार लवकर लागते. यंदा एका मुलीला घेऊन तिची आई आली. मुलीने मोबाइलमधला एका नटीचा फोटो पुढे धरला आणि आई म्हणाली, "डॉक्टरांनू, लगीन पंधरा दिसांर इलां. हिचे दात असे होये."

मुलीचे दात बघितले. पुढच्या दोन दातांत बारीक फट, एका दाताचा कोपरा लहानपणी पडून तुटलेला, आणि खालच्या दातांवर चहाचे डाग नि कीटण. बाकी दात धडधाकट. मुंबईत कुणीतरी तिला वरच्या आठ दातांना व्हेनियर सांगितले होते. मी कीटण काढलं, फट आणि कोपरा कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, भरला. दोन खेपांत काम झालं आणि एकही दात मशीनने घासून पातळ करावा लागला नाही.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: गरज नसताना व्हेनियर. व्हेनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला कायमचं चिकटवलेलं पातळ कवच. पोर्सिलेनचं कवच बसवायला दाताचा पुढचा थर साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर घासतात. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण हिरडीजवळ एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, मुळातच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, कधी त्याहूनही कमी. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात, त्यामुळे एकदा घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. आज पंचविशीत बसवलेला पोर्सिलेनचा व्हेनियर चांगला सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं टिकतो, कधी जास्तही. कंपोझिटचा त्याच्या निम्मा धरा. म्हणजे आयुष्यात तो दोन-तीनदा तरी बदलायचाच आहे. हा हिशोब खुर्चीत बसण्याआधी कुणीतरी तुमच्यासमोर मांडायला हवा.

शूटिंगपुरते चिकटवायचे आणि नंतर काढून ठेवायचे, अशी व्हेनियरची सुरुवात 1920 च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडमध्ये झाली. तेव्हा कवच दाताला पक्कं धरून ठेवण्याची सोयच नव्हती. 1955 साली ब्युओनोकोर या दंतवैद्याने दाखवलं की फॉस्फोरिक ॲसिडने एनॅमल खरखरीत केलं की त्याला रेझिन, म्हणजे चिकटवायचं प्लास्टिकसारखं द्रव्य, घट्ट धरतं. आजचं सगळं काम याच पकडीवर उभं आहे, आणि ती पकड एनॅमलवर सर्वात भक्कम असते. घासता घासता खालच्या पिवळसर डेंटिनपर्यंत गेलं की पकड कमी होते आणि दात शिवशिवतात. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, "किती घासणार? एनॅमल उरेल ना?" या प्रश्नाचा राग येणाऱ्या डॉक्टरांकडे दात देऊ नका.

व्हेनियर सांगून कॅप

हा प्रकार मला फार अस्वस्थ करतो. पेशंटला वाटतं आपल्याला व्हेनियर बसले, प्रत्यक्षात दात चारही बाजूंनी घासून कॅप घातलेल्या असतात. व्हेनियरसाठी दाताचा 3 ते 30 टक्के भाग जातो, पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के. मोठी कीड असलेल्या किंवा रूट कॅनल झालेल्या दाताला कॅप योग्यच असते. पण निव्वळ रंगासाठी निरोगी दाताचे दोन तृतीयांश घालवायचे? कागदावर काय लिहिलंय ते वाचा आणि घासण्याआधी दातांचे फोटो मागून घ्या.

आता तर पार्लरमध्ये आणि ऑनलाइनही 'व्हेनियर' मिळायला लागलेत. दातांवर काम करायला महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी लागते, पार्लरचा कोर्स त्याच्या जागी चालत नाही. शंका असेल तर खेडच्या किंवा मुंबईतल्या दंत महाविद्यालयात जाऊन दुसरं मत घ्या. एका दिवसाचा प्रवास परवडला.

रंग निवडताना

ही चूक सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून झाली. तासभर पेशंटचं तोंड उघडं ठेवून काम केलं आणि शेवटी वरच्या लाइटमध्ये रंग जुळवला. कोरडा पडलेला दात खऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. लॅबमधून व्हेनियर आला तो शेजारच्या दातांपेक्षा स्पष्ट उजळ. पुन्हा करून घ्यावा लागला. तेव्हापासून माझ्याकडे रंग पहिल्या पाच मिनिटांत ठरतो, दात ओले असताना, पेशंटला खिडकीपाशी उभं करून. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी बोलावतो.

दात ब्लीच करायचे असतील तर ते आधी. व्हेनियरचा रंग ब्लीचने बदलत नाही, त्यामुळे आधी व्हेनियर आणि मग ब्लीच केलं की शेजारचे दात उजळतात आणि व्हेनियर तसाच राहतो. ब्लीचनंतर किमान दोन आठवडे थांबा. दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्याच्या आड येतो. आणि घासण्याआधी तात्पुरता नमुना दातांवर चढवून बघायला मागा. तो लावून हसा, बोला, घरी फोटो पाठवा. जाडी, लांबी पसंत नसेल तर ती सांगायची वेळ हीच.

इथेच गौरी-गणपतीला गावी येणारे चाकरमानी अडचणीत येतात. पाच दिवसांच्या सुट्टीत सगळं उरकायचं असतं. तपासणी, नमुना, माप, लॅबचं काम, चिकटवणं, मग चावा तपासणं, याला दोन-तीन आठवडे द्यायलाच हवेत.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर व्हेनियरचं नावही काढू नका. आधी हिरड्या बऱ्या करा. सुजलेली हिरडी उतरली की कवचाची कड उघडी पडते, आणि रक्त किंवा लाळ लागलेल्या दातावर काही चिकटत नाही. मिशेरी लावणाऱ्या बायकांना तर मी हात जोडून सांगतो, ती आधी सोडा. तंबाखूचा धोका सुंदर दातांपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि मिशेरी, कोळसा, राखुंडी यांनी कंपोझिटची चकाकी खरवडली जाते ती वेगळीच.

बसवल्यानंतर काही बिघडलं तर

थंड-गरम लागणं पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही चालतं. रात्री आपोआप ठणका लागत असेल तर मात्र दाताच्या आतल्या नसेपर्यंत त्रास पोचलाय असं समजून लगेच दाखवा. चावताना एकच दात आधी टेकत असेल तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका. दोन मिनिटांचं काम असतं, आणि न केल्यास त्याच जागी टवका उडतो. कडेला तपकिरी रेघ दिसली तर तिथून झिरपतंय, खाली कीड आहे का ते बघायला हवं. एकाच दाताजवळ हिरडी लाल राहत असेल तर बहुधा जादा सिमेंट आत राहिलंय.

टवका उडण्याची कारणं आपल्याकडे ठरलेली. एक गाववाले आले, समोरच्या व्हेनियरचा कोपरा गेलेला. "काय खाल्लं?" तर म्हणे कुर्लीचा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी. तो पुढच्या दातांनी फोडायची लहानपणापासूनची सवय. होडीवरची माणसं नायलॉनचा दोरा दातानेच तोडतात, त्यानेही हेच होतं. डेंगा वरवंट्याने फोडा, दोरा सुरीने कापा. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्रीचा गार्ड लावल्याशिवाय व्हेनियर घेऊच नयेत.

सोलकढी आणि कैरी बंद करायला मी सांगत नाही. आंबट खाल्ल्यावर चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. कंपोझिटवर हळदीचा डाग लवकर बसतो, तेव्हा काम झाल्यावर पहिले दोन दिवस माशाची आमटी टाळा. दुसऱ्या दवाखान्यात दात साफ करायला गेलात तर व्हेनियर आहेत हे आधी सांगा, मशीनचं टोक कडेला लागून टवका उडू शकतो.

आणि व्हेनियर सुटून हातात आला तर फेविक्विक लावू नका. त्याने आतली बाजू खराब होते, मग चांगला व्हेनियरही पुन्हा नीट बसत नाही. पाण्याने हलकेच धुवा, छोट्या डबीत कापसावर ठेवा, त्या दाताने काही चावू नका आणि एक-दोन दिवसांत डबी घेऊन या. कवच अखंड असेल तर बहुतेक वेळा तेच पुन्हा बसवता येतं.