एकाच चावीवर लक्झरी गाडी घेताय? मग या चुका टाळा

गॅरेजला येणारा फोन साधारण एकाच चालीवर असतो. "दादा, गाडी घेतली, एकदम मस्त कंडिशन, सिंगल ओनर, फक्त दुसरी चावी नाहीये, कितीला बनेल?" मी पहिलं विचारतो की पैसे सगळे देऊन झाले का. हो म्हटलं की मग सांगण्यासारखं फार उरत नाही, कारण इथून पुढचा सगळा खर्च तुमच्या खिशातून. वॉगनआरच्या भावात बीएमडब्ल्यू मिळते म्हणून घेतली, पण तिचे पार्ट वॉगनआरच्या भावात येत नाहीत हे लोकांना नंतर आठवतं, आणि चावी हा त्यातला पहिला झटका. शोरूमची किंमत पाच आकडी असते आणि सहसा त्यातला पहिला आकडा एक नसतो. तर वर्षानुवर्षं तेच तेच घोळ बघून वैतागलोय, म्हणून लिहितो.

"कुरियर करतो" यावर विश्वास ठेवणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. विकणारा म्हणतो दुसरी चावी घरी आहे, आईच्या कपाटात आहे, दिल्लीला आहे, पाठवतो. दिल्लीचं तर विशेषच, कारण एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ च्या आदेशापासून तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर टांगती तलवार आहे, त्यामुळे तिकडच्या मोठमोठ्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे स्वस्तात येतात. मधे दोन-तीन एजंट असतात, गाडी फिरत फिरत पुण्यात पोचते आणि दुसरी चावी पहिल्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहते. बँकेने ओढून आणलेली, लिलावातली गाडी असेल तर दुसऱ्या चावीचा विषयच सोडा, बऱ्याचदा एक चावी मिळाली तरी नशीब.

माझं यावर एकच म्हणणं आहे. टोकन द्यायच्या आधी चेसिस नंबर घेऊन शोरूमच्या पार्ट काउंटरला चावीचं कोटेशन मागा, कोडिंगचे (म्हणजे चावी गाडीला ओळखायला लावायचे) आणि लेबरचे पैसे धरून, आणि तेवढी रक्कम व्यवहारातून सरळ बाजूला ठेवा. चावी आली की पैसे, नाही आली की त्यातून नवीन करून घ्यायची. विकणारा चिडला तर चिडू दे. चावी खरंच आईच्या कपाटात असेल तर त्याला चिडायचं कारण काय? मी हे सांगतो तेव्हा लोक म्हणतात "अहो पण डील हातची जाईल". जाऊ द्या ना, सेकंडहँड लक्झरी गाड्यांचा महाराष्ट्रात काय दुष्काळ पडलाय का.

आणि डिलिव्हरी नोटवर "एकच चावी मिळाली" हे विकणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्या. पुढे इन्शुरन्समध्ये हा कागद कामाला येतो, खाली सांगतो.

दोन्ही चाव्या खिशात ठेवून चेक करणं

हे फार हुशार लोकसुद्धा करतात. डीलरने दोन चाव्या हातात दिल्या, दोन्ही खिशात टाकल्या, बटण दाबलं, गाडी स्टार्ट, झालं समाधान. अहो, कीलेस गाडीला आत कुठलीही एक बरोबर चावी सापडली की ती स्टार्ट होणारच, दुसरी चावी म्हणजे नुसतं प्लास्टिकचं शेल असलं तरी तुम्हाला कळणार नाही. असे शेल नाना पेठेत, कुर्ल्याला, ऑनलाइन सगळीकडे मिळतात, लोगो-बिगो सकट. आत बोर्ड नाही, चिप नाही, सेलसुद्धा नाही.

मी काय करतो, एक चावी सोबत आलेल्या माणसाकडे देतो आणि त्याला रस्त्यापलीकडे चहाला पाठवतो. मग हातातल्या चावीने लॉक, अनलॉक, डिकी, स्टार्ट सगळं बघतो. मग अदलाबदल. आणि चावीच्या आतलं ते लोखंडी पातं बाहेर काढून ड्रायव्हरच्या दारात घालून फिरवतो, काही गाड्यांना ते छिद्र हँडलच्या कव्हरखाली लपलेलं असतं, ते कव्हर काढायचा कंटाळा करायचा नाही. पातं कट न केलेलं, कोरं निघालेलं मी बघितलंय. गाडीची बॅटरी उतरली की दार उघडायला हेच पातं लागतं, तेव्हा कळून उपयोग नाही.

बेसमेंटमध्ये, उतरलेल्या बॅटरीवर, "दो घंटे का काम है साहब"

आता माझा लाडका विषय. हिंजवडीत आयटीत असलेला एक जण, वाकडच्या टॉवरमध्ये राहणारा, २०१४ ची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज डिझेल, चावी एक. शोरूमने कोटेशन दिलं ते ऐकून त्याला घाम फुटला आणि वर चावी जर्मनीहून येणार म्हणून थांबायला सांगितलं. मी त्याला म्हटलं एक चावी हातात आहे तोवर घाई नाही, थांब. पण नाही, साहेबांना आत्ताच्या आत्ता पाहिजे होती. त्याने कुठूनतरी एक चावीवाला शोधला, जो निम्म्याहून कमी पैशात घरी येऊन करून देणार होता.

मी बाहेरच्या चावीवाल्यांच्या विरोधात अजिबात नाही, त्यांच्यात काही जण शोरूमच्या पोरांना शिकवतील असे आहेत. पण ही गाडी कशी आहे ते समजून घ्या. या थ्री सिरीजमध्ये चावीचा हिशोब एफईएम नावाच्या मोड्यूलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डब्यात, असतो, आणि तेच मोड्यूल लाइट, वायपर, काचा, सेंट्रल लॉक सगळं सांभाळतं. बाहेर चावी करायची तर ते मोड्यूल डॅशखालून काढायचं, त्यातल्या छोट्या चिपचा डेटा वाचून ठेवायचा, मोड्यूलमध्ये तात्पुरतं वेगळं सॉफ्टवेअर टाकायचं, मग जुना डेटा परत भरायचा, मग चावी शिकवायची. सॉफ्टवेअर जात असताना व्होल्टेज पडलं की मोड्यूल अर्ध्यात मरतं.

आणि हा गडी काय करत होता? बेसमेंट दोनमध्ये, दारं उघडी, आतले लाइट चालू, मालकाला उकडतंय म्हणून ब्लोअर चालू, आणि स्वतःचा लॅपटॉप गाडीच्याच सॉकेटवर चार्जिंगला. गाडीची बॅटरी पण जुनी, मालकाने ती बदलायची टाळत आणली होती. चार्जर नाही, सप्लाय नाही, काही नाही. अर्ध्यावर स्क्रीनवर एरर आली, डॅश काळा, स्टार्ट दाबलं तर टिक पण नाही. वाचून ठेवलेली ओरिजिनल फाइल विचारली तर म्हणे त्याच नावाने परत सेव्ह केली. म्हणजे मोड्यूल पण गेलं आणि त्याचा डेटा पण गेला.

पुढचं ऐका. ऑटोमॅटिक गिअर पी मध्ये, त्यामुळे चाकं जाम. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर घेऊन नेणारा ट्रक, बेसमेंटमध्ये शिरत नाही, उंचीच नाही. बॅटरी डिकीत आणि डिकी विजेवर उघडणारी. बाहेरून करंट द्यायचा पॉइंट बॉनेटखाली असतो हे त्या चावीवाल्याला माहीतच नव्हतं, आणि मोड्यूल मेल्यावर करंट देऊन उपयोगही नव्हता. ड्रायव्हर साइडची काच खाली होती ती खालीच राहिली, बेसमेंटमधली मांजरं आत झोपायला लागली, सीटवर केस. सोसायटीचा चेअरमन दुसऱ्याच्या पार्किंगसमोर गाडी आडवी आहे म्हणून रोज फोन करायचा. शेवटी चाकांखाली डॉली घालून ढकलत ढकलत रॅम्पवरून वर काढली. नवीन मोड्यूल चेसिस नंबरवर कंपनीकडून मागवलं, सोबत चावी, कोडिंग, टोइंग. एवढ्या खर्चात शोरूमच्या भावात दोन चाव्या आरामात आल्या असत्या. चावीवाल्याचा फोन तोपर्यंत बंद.

त्यामुळे बाहेर करायचीच असेल तर माझ्या अटी आहेत. गाडी गॅरेजला, जमिनीवर, बेसमेंटमध्ये नाही. बॅटरीला स्टॅबिलाइज्ड सप्लाय लावलेला, मल्टिमीटरवर १३ व्होल्टच्या वर स्थिर दिसलं पाहिजे, मगच लॅपटॉप उघडायचा. एसी, लाइट, म्युझिक बंद, दारं बंद. ओरिजिनल फाइल वाचल्या वाचल्या तिची एक कॉपी मालकाच्या पेन ड्राइव्हवर, काम सुरू व्हायच्या आधी. यातलं काही विचारल्यावर समोरचा "उसकी जरूरत नहीं" म्हणाला की हात जोडायचे आणि निघायचं. शोरूमची चावी महाग असते पण बीएमडब्ल्यूला ती चेसिस नंबरवर तयार होऊन येते, मोड्यूलला हात लावावा लागत नाही, त्या शांततेचे पैसे आहेत ते.

जुनी चावी जिवंत सोडणं

नवीन चावी झाली, पेढे वाटले, आणि जी हरवली ती तशीच चालू! ती कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत नाही, पण तुमची गाडी तिला अजून ओळखते. बीएमडब्ल्यूच्या मोड्यूलमध्ये दहा चाव्यांची जागा असते, तिथे स्कॅनरवर बघायला सांगा किती चाव्या चालू आहेत, आणि हातात नसलेली प्रत्येक चावी बंद करून घ्या. बाहेर करून घेतली असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, करणाऱ्याने तिसरी करून खिशात टाकली का ते यातच दिसतं.

पण एक गोष्ट शोरूमवाले पण सांगत नाहीत. चावी बंद केली म्हणजे ती गाडी स्टार्ट करणार नाही, पण तिच्यातलं पातं दार उघडतंच, कारण कुलूप तेच आहे. गाडीत लॅपटॉप ठेवायची सवय असेल तर तेवढं लक्षात ठेवा. आणि कंपनीचं मोबाइल ॲप, त्यात आधीच्या मालकाचं अकाउंट अजून जोडलेलं असतं, काही गाड्या त्यावरून अनलॉक पण होतात. हे काढून घेणारे फारच थोडे लोक मी बघितलेत.

जुनी ओरिजिनल चावी ऑनलाइन मागवणं

"ओरिजिनल आहे, जर्मन आहे, चार हजारात मिळाली." छान, शोकेसमध्ये ठेवा. एका गाडीला बांधलेली ओरिजिनल चावी दुसऱ्या गाडीला सहसा बसत नाही, चिप लॉक झालेली असते. वर फ्रीक्वेन्सीचा घोळ, अमेरिकेतल्या चाव्या बहुतेक ३१५ मेगाहर्ट्झच्या, त्यांचा रिमोट इकडच्या ४३३ वाल्या गाडीला बोलतच नाही. मर्सिडीजचं आणखी वेगळं, साधारण २०१४ च्या आसपास आलेल्या मॉडेलपासून, सी क्लास धरून, त्यांची एफबीएस फोर नावाची चोरी रोखणारी सिस्टीम आहे, तिथे चावी शोरूमचीच. कुणी "करून देतो" म्हटलं तर आधी चावी, मग पैसे.

कागद अर्धवट ठेवून शोरूमला जाणं

आरसी नावावर नाही, गाडी ओपन फॉर्म २९-३० वर (ट्रान्सफरचे फॉर्म, नुसत्या सह्या केलेले) उभी, आणि शोरूममध्ये भांडतात की चावी का देत नाही. बरोबरच करतात ते, उद्या तुमच्या गाडीची चावी कुणीही येऊन मागेल. आरसी, ओळखपत्र आणि मालक स्वतः, एवढं लागतंच. ट्रान्सफरला कायद्याने घेणाऱ्याला ३० दिवस असतात, पॉलिसी नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो, आणि लोक दोन्ही दिवाळीनंतर बघू म्हणतात.

पॉलिसीवरून आठवलं. गाडी चोरीला गेली तर क्लेमला इन्शुरन्स कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच दिली की प्रश्न सुरू, दुसरी कुठे होती, गाडीतच विसरली होती का. तेव्हा ती डिलिव्हरी नोट, नवीन चावीचं पक्कं बिल आणि जुनी बंद केल्याचा जॉबकार्ड एका फाइलला लावून ठेवा. चावी तुमच्याच हातून हरवली असेल तर पोलिसांच्या वेबसाइटवर गहाळ तक्रार टाकून तिची प्रिंट. पॉलिसीत चावी बदलून देणारं (की-रिप्लेसमेंट) ॲड-ऑन आता घेऊन आधीच गायब असलेल्या चावीचा क्लेम होत नाही, हे विचारणारे पण भेटतात.

बाकीच्या किरकोळ पण रोजच्या

चावी बाद झाली म्हणून नवीन मागवायच्या आधी सेल बदला, पन्नास-शंभर रुपयांचा असतो. उतरलेल्या सेलवरही गाडी स्टार्ट होते, बीएमडब्ल्यूला स्टीअरिंग कॉलमवरच्या खुणेला चावी चिकटवून धरा, जुन्या कीलेस मर्सिडीजला स्टार्टचं बटण ओढून काढा आणि आतल्या खाचेत चावी घाला.

काही जुन्या बीएमडब्ल्यूंच्या चावीत सेल बदलायचा नसतोच, चावी गाडीत लावली की चार्ज होते, ती स्क्रूड्रायव्हरने फोडू नका.

ऑडीला नवीन चावी शिकवायला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या. त्या वेळी समोर नसलेली चावी गाडी विसरते, मग घरी ठेवलेली एकुलती एक चालू चावी पण गेली.

इग्निशन तीनदा चालू-बंद करून चावी प्रोग्राम करायचे यूट्यूबवरचे व्हिडिओ दुसऱ्या गाड्यांचे असतात, या गाड्यांवर तसं करून फक्त बॅटरी उतरते.

गाडी विकायला टाकताना पातं उघडलेल्या चावीचा फोटो टाकू नका, नुसत्या फोटोवरून पातं कापता येतं.

आणि इतकं सगळं करून मिळालेली दुसरी चावी त्याच किचेनला अडकवून फिरणारे महाभाग आहेत, त्यांना मी आता काही बोलत नाही, पुढच्या वेळचं कोटेशन काढून ठेवतो.