किटमधून रेड वाइन करताय? पेटीवरची तारीख सोडा, हायड्रोमीटर बघा

जून महिना, रात्रीचे अडीच. बेसमेंटमधून 'फट्ट' असा आवाज आला. बायको म्हणाली, "कोणीतरी शिरलंय खाली." मी हळूच जिना उतरलो, तर चोरबिर काही नव्हता. रॅकवरच्या एका बाटलीचं बूच उडून भिंतीवर आपटलं होतं आणि जांभळा ओघळ थेट धुतलेल्या चादरींच्या टोपलीपर्यंत पोचला होता. सकाळपर्यंत आणखी दोन बाटल्या उडाल्या. ती माझी पहिली वाइन, डिसेंबरात लावलेली. पेटीवर 'सहा आठवड्यांत तयार' असं छापलं होतं आणि मी तेवढंच इमानेइतबारे पाळलं होतं.

आम्ही मिसिसागात राहतो. कॅनडात घरच्यापुरती वाइन करायला मुभा आहे आणि किट सहज मिळतं: घट्ट द्राक्षरसाची पिशवी, यीस्टचं पाकीट, बेंटोनाइट नावाच्या मातीची पूड, ओकच्या चिपा आणि शेवटी घालायच्या दोन-चार पुड्या. पाणी घालून २३ लिटर करायचं, त्यातून गाळ वजा जाता २८-२९ बाटल्या निघतात. (पुण्याचा मावसभाऊ दर वेळी विचारतो, "मला पाठव ना एक." महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी वाइन करता येत नाही, त्यामुळे त्याला फक्त फोटो पाठवतो.)

विरजण गारठलं

इकडे हिवाळ्यात बेसमेंटची सिमेंटची जमीन १५ अंशांवर असते. किटमधल्या यीस्टला हवेत २० ते २५. त्या वर्षी आई आलेली होती. तिनं काचेच्या कार्बॉयला (वाइन आंबवायच्या अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीला) हात लावला आणि म्हणाली, "अरे, हे तर बर्फ झालंय. विरजण लागेल कसं?" तिला वाइनमधलं काही कळत नाही, पण दह्यातलं सगळं कळतं. मी मात्र हसण्यावारी नेलं.

कार्बॉय किंवा बादली जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी फळी किंवा स्टूल घ्या आणि भोवती जुनी रजई गुंडाळा. गरम करायचा पट्टा मिळतो, तो आणखी बरा. उलट हीटरच्या झोतासमोरही ठेवू नका. ३० अंशांच्या वर यीस्ट धावतं खरं, पण वाइनला उग्र वास येतो.

आंबणं मध्येच थांबलंच, तर आधी ऊब द्या. २३-२४ अंशांवर आणून तळाचा गाळ हलक्या हातानं ढवळा आणि तीन-चार दिवस वाट बघा. तरी हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजायची काचेची नळी; साखर संपते तसा तिचा आकडा उतरतो) आकडा हलला नाही, तर नवं यीस्ट लागेल. ईसी-१११८ हे चिवट वाण अशा वेळी कामाला येतं. पण कोरं पाकीट थेट ओतू नका, तयार झालेल्या अल्कोहोलमध्ये ते उभं राहत नाही. आधी कोमट पाण्यात जागं करा, मग त्यात तुमची वाइन थोडी थोडी मिसळत त्याला सवय लावा आणि ते फसफसायला लागलं की मोठ्या भांड्यात घाला.

बुडबुडे खोटं बोलतात

माझ्या उडालेल्या बुचांचं मूळ इथे आहे. चौदाव्या दिवशी एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले. किटसोबतच्या कागदावरही 'चौदावा दिवस: पुड्या घाला' असंच होतं. हायड्रोमीटर १.००६ दाखवत होता. मी मनाशी म्हटलं, जवळपास झालंच की.

झालं नव्हतं. रेडचं किट साधारण १.०८० ते १.०९५ ला सुरू होतं आणि ०.९९६ किंवा त्याखाली जाऊन थांबतं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: १.०९० वरून ०.९९४ ला आलात तर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. १.००६ ला थांबलेल्या वाइनमध्ये साखर शिल्लक असते आणि गारठलेलं यीस्ट नुसतं झोपलेलं असतं. शेवटी घालायची सॉर्बेटची पुडी यीस्टला मारते असा पुष्कळांचा समज आहे. ती फक्त यीस्टची नवी वाढ रोखते, आधीचं जिवंत यीस्ट साखर खातच राहतं. जूनमध्ये बेसमेंट तापलं आणि बंद बाटल्यांत ते पुन्हा कामाला लागलं.

म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजा. दोन्ही वेळा तोच आकडा आणि तोही ०.९९६ च्या वर नाही, तरच पुढे जा. मोजताना हायड्रोमीटरला एक गिरकी द्या, नाहीतर त्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. हायड्रोमीटर ठरावीक तापमानावर बेतलेला असतो, हेही ध्यानात असू द्या.

बाटलीतली वाइन जिभेवर चुरचुरतेय? थोडी ग्लासात काढून चांगली ढवळा, गॅस जाऊ द्या आणि मोजा. बाटलीत भरतानाचाच आकडा आला, तर तो नुसता अडकलेला गॅस आहे. आकडा खाली गेला असेल, तर वाइन पुन्हा आंबतेय. त्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवा. उघडताना वर जाड टॉवेल टाका आणि डोळ्यांना गॉगल लावा. मी उरलेल्या सगळ्या अशाच उघडल्या. काच फुटली तर ती गंमत राहत नाही.

रवी नीट फिरली नाही

दुसऱ्या वर्षी आकडा बरोबर होता, पण वाइन महिनाभर गढूळच राहिली. निवळायच्या दोन्ही पुड्या घातल्या होत्या, तरी गाळ खाली बसेना. कारण गॅस. आंबताना झालेला कार्बन डायऑक्साइड वाइनमध्ये मुरलेला असतो आणि तो गाळाला तरंगत ठेवतो. ताक करताना आपण घुसळतो तसंच इथे घुसळावं लागतं. ड्रिलला लावायची प्लास्टिकची रवी मिळते, हातानं करणार असाल तर दंड भरून येतील.

थंड वाइन गॅस सोडत नाही, म्हणून आधी २२ अंशांच्या पुढे आणा. पहिल्या फेऱ्यात असा फेस येतो की कार्बॉय उतू जातो, तेव्हा एक-दोन लिटर आधीच बाजूला काढा. दिशा बदलत राहा. एकाच दिशेनं भोवरा केलात तर गॅस जाण्याऐवजी हवा आत ओढली जाते. पुरेसं झालं का हे बघायला छोटी बाटली अर्धी भरा, तोंडावर अंगठा दाबून हलवा आणि अंगठा काढा. 'फुस्स' झालं तर अजून घुसळायचंय.

नाक काय सांगतं

सडक्या अंड्याचा वास लवकर लक्षात आला तर जातो. यीस्टवर ताण आला की तो येतो. वाइन नितारताना उंचावरून, थोडी हवा लागेल अशी ओता. तांब्याची तार बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. व्हिनेगरचा वास आला तर ती वाइन स्वयंपाकालाच. जिरॅनियमच्या चुरगळलेल्या पानांचा वास म्हणजे सॉर्बेट घातलेल्या वाइनमध्ये लॅक्टिक जिवाणू शिरले, त्यावर उपाय नाही. म्हणून किटच्या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिकचे (लॅक्टिक जिवाणूंकडून आंबटपणा मवाळ करून घ्यायचे) प्रयोग करू नका. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल, तर भांडी कशानं धुतलीत ते आठवा. क्लोरीनचं ब्लीच या कामात वर्ज्य. आणि घासणं वेगळं, सोवळं वेगळं: भांडं लख्ख दिसलं तरी वापरण्याआधी मेटाबायसल्फाइटच्या पाण्यानं किंवा न विसळता चालणाऱ्या सॅनिटायझरनं ते निर्जंतुक करायचंच.

गाळावरून नितारल्यावर कार्बॉयमध्ये दीड-दोन लिटरची पोकळी राहते. ती पाण्यानं भरली की वाइन पाणचट होते, तशीच सोडली की हवेनं तपकिरी पडते. दुकानातली साधी, त्याच जातीची रेड आणा आणि पातळी बुचाच्या खाली दोन-तीन बोटांपर्यंत न्या. पाणी आधीच कमी घालून वाइन 'दाट' करायची युक्तीही पुष्कळ जण सांगतात. मी २० लिटरवर करून पाहिली. दाट झाली, पण आंबटही तेवढीच वाढली. माझं मत, २३ म्हणजे २३.

बाटलीत भरतानाची चव मनावर घेऊ नका, ती बहुधा धारदार आणि पोकळ लागते. सहा महिने तरी थांबा, द्राक्षाच्या सालींची पिशवी असलेलं किट असेल तर वर्षभर. त्याहून जास्त ठेवणार असाल, तर भरण्याआधी २३ लिटरला पाव चमचा मेटाबायसल्फाइट जास्तीचं घाला. बूच लावल्यावर बाटल्या चार दिवस उभ्या ठेवा, मग आडव्या करा.

आता माझ्या बाटल्यांच्या गळ्याला कागदी टेप असते आणि तिच्यावर तारखेआधी शेवटचा आकडा लिहिलेला असतो. गेल्या पाच हिवाळ्यांत एकही बूच उडालेलं नाही. चादरींची टोपली मात्र बायकोनं अजून वरच्या मजल्यावरच ठेवली आहे.